प्लास्टरच्या भातावरचा डाग

मित्रांनो, माझ्यातला भात आजवर कधी संपला नाही आणि माझी चपाती कधी शिळी झाली नाही. कारण मी एक जुनं ताट आहे, आणि माझ्यातलं सगळं जेवण प्लास्टरचं आहे. माटुंग्याच्या एका कॉलेजात, आहारशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझा मुक्काम असतो.

माझा जन्म लालबागचा. विसर्जन झालं की गणपतीचे कारखाने काही दिवस मोकळे असतात. अशाच मोकळ्या दिवसांत कॉलेजच्या तेव्हाच्या मॅडम अप्पांच्या कारखान्यात आल्या. अप्पा मालवणकडचे. आयुष्यभर त्यांनी सोंडा घडवल्या होत्या. वरणाची वाटी ते पहिल्यांदाच घडवणार होते.

“आणि मासो खंय?” पुस्तकातलं चित्र बघून त्यांनी विचारलं.

“अप्पा, हे संतुलित आहाराचं ताट आहे. चित्राप्रमाणे करा.”

“मासो नाय, मगे ह्यां जेवाण कसलां?” असं पुटपुटत त्यांनी मला घडवलं. भात, वरण, चपाती, पालेभाजी, दही, दुधाचा पेला आणि सफरचंदाची फोड. भाताचं एकेक शीत त्यांनी सुईने कोरलं. सफरचंदाला मूर्तीच्या शेल्यातला उरलेला लाल रंग मिळाला.

पुढची कित्येक वर्षं मी प्रयोगशाळेच्या मोठ्या टेबलावर मधोमध बसलो. “अय्या, खरं वाटतं ना!” असं दर नव्या वर्गातून कुणीतरी म्हणायचंच. मुलं माझ्याकडे पाहून प्रथिनं, लोह, कॅल्शियम पाठ करायची. मला कुणी काही विचारत नव्हतं, फक्त माझ्याकडे पाहत होतं. मला तेवढं पुरे होतं.

मग सीमा भोये मॅडम आल्या. त्या जव्हारकडच्या, कोकणा आदिवासी समाजातल्या. याच विषयात एम.एस्सी. करून त्या इथे शिकवायला लागल्या होत्या, आणि ‘आदिवासी आरोग्य’ हा नवा विषय त्यांच्याकडे होता. पहिल्याच तासाला त्यांनी मला उचलून खिडकीत ठेवलं आणि माझ्या जागी तिला मांडलं.

ती म्हणजे पत्रावळ. पळसाची पानं बांबूच्या काड्यांनी टाचलेली, हिरवीगार आणि रिकामी. मित्रांनो, रिकामी! माझ्यात अख्खं जेवण आणि तिच्यात एक शीत नाही, तरी सगळा वर्ग तिच्याभोवती. कुणी तिचा वास घेत होतं, कुणी पानांच्या शिरांवरून बोट फिरवत होतं. माझा वास आजवर कुणी घेतला नव्हता. घेतला असता तर रंगाचाच आला असता, ती गोष्ट वेगळी.

“मॅडम, यात काय वाढायचं?” वर्गात पहिली येणाऱ्या रुचाने विचारलं. तिची वही उघडी, पेन तयार.

“ते मला नको विचारूस. जे जेवणार आहेत त्यांना विचार,” मॅडम म्हणाल्या. “आदिवासी म्हटलं की तुम्ही आधी काय लिहिता? कुपोषण आणि अज्ञान. माझ्या आईच्या चुलीपर्यंत रानातून काय काय येतं, हे कुणी विचारलंय? आणि रान हातचं गेलं की ताटातलं काय काय जातं, हे?”

रुचाने दोन्ही प्रश्न वहीत उतरवले. माझं लक्ष मात्र तिच्यावरच, त्या पानांच्या बाईवर. म्हटलं, वाळू दे एकदा. आठवडाभरात ती वाळली, कडा वळल्या, मधोमध तडकली. मी खिडकीतून मजेत पाहत होतो. पण पुढच्या तासाला मॅडमनी पानांचा भाराच आणला आणि साऱ्या वर्गाला पत्रावळ टाचायला शिकवलं. एक गेली आणि टेबलभर आल्या. मी आता हेवा तरी कुणाकुणाचा करायचा?

त्यानंतर रुचा आणि तिची मैत्रीण केझिया यांना परळच्या एका रुग्णालयात पाठवलं. तिथल्या आयांशी मुलांच्या खाण्याबद्दल बोलायचं होतं. निघताना रुचा म्हणाली, “पत्रावळ दाखवून काय समजवणार? ताट घेऊया ना यार, सोपं पडेल.” मला इतका आनंद झाला की काय सांगू!

वॉर्डात रमाबाई होती. मोखाड्याकडची वारली बाई. तिची लहानगी न्यूमोनियातून उठली होती, पण अंगावर मांस नव्हतं. वजन थोडं वाढलं की घरी सोडणार होते. रुचाने मला तिच्यापुढे धरलं.

“ताई, बाळाला असं जेवण द्यायचं. दूध, दही, फळ. कळलं?”

“हो.”

“रोज द्याल ना?”

“हो.”

रुचा खूश झाली. मी तर तिच्याहून खूश. त्या रिकाम्या पत्रावळीला जमलं असतं का हे?

काही दिवसांनी वॉर्डातल्या सिस्टरांचा मॅडमना फोन आला. पोरीचं वजन वाढायच्या ऐवजी उतरलं होतं आणि घरी सोडायचं लांबलं होतं. रमाबाई तिला फक्त दूध आणि सफरचंद भरवू पाहत होती, पोर थुंकून टाकत होती. नवरा मुंबईतल्या नातेवाइकांच्या घरून डबा आणायचा, तो खाटेखालीच राहायचा. जे ताटात नव्हतं ते द्यायचं नसतं, असं तिला वाटलं होतं.

“पण ती सगळ्याला हो म्हणाली होती!” रुचा रडवेली झाली.

“दवाखान्यातल्या माणसाला आमच्याकडे हो म्हणतात,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “त्याचा अर्थ, आता तुम्ही जा.”

मग केझिया बोलली. ती माहीमची, मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, ईस्ट इंडियन घरातली. “मॅडम, शाळेत मी पण तेच करायचे,” ती म्हणाली. “डब्यात सुकट असायची. वास येईल म्हणून मी डबा उघडायचेच नाही. घरी मम्मी विचारायची, खाल्लंस? मी म्हणायचे, हो.”

मॅडम म्हणाल्या, “मग उद्या तू जा. डॉक्टरांशी मी बोलून ठेवते.”

दुसऱ्या दिवशी केझियाने ताजी पत्रावळ घेतली. ती वाकू नये म्हणून खाली आधाराला घेतलं मला! मित्रांनो, माझ्या भातावर, दह्यावर, अप्पांनी कोरलेल्या शितांवर ती आरामात पसरली. एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता.

वॉर्डात केझियाने काही समजावलं नाही. जमिनीवर मांडी घातली आणि स्वतःचा डबा उघडला. वास पसरताच शेजारच्या खाटेवरून आवाज आला, “शी! सुकट कोणी उघडली?”

“मी, आंटी. माझं जेवण आहे,” केझिया म्हणाली. तिने डबा उघडाच ठेवला.

रमाबाई खाटेवरून वाकून पाहू लागली. “तू पण खातेस सुकट?”

“माहीमची आहे मी, ताई. आमच्याकडे मासळी नाही तर जेवण कसलं?”

मला अप्पा आठवले.

“तुमच्या डब्यात काय आहे?” केझियाने विचारलं.

“काय नाय, बाय. असंच आपलं.”

“मला वाढा ना थोडं.” आणि तिने पत्रावळ पुढे केली.

रमाबाईने खाटेखालून डबा ओढला. नाचणीची आंबील होती. रमाबाई पुढे काही बोलणार, तोवर केझियाने उत्साहाने डबा घेऊन आंबील सरळ पत्रावळीवर ओतली.

काड्यांच्या फटीतून ती माझ्या भातावर गळू लागली. केझियाची ओढणी भिजली, जमीन भिजली.

“नाय नाय नाय!” रमाबाई ओरडली आणि तोंडावर पदर धरून हसत सुटली. “अगं येडे, आंबील पानावर वाढतात काय? वाटीत पितात ती! एवढं पण ठाऊक नाय?”

“नाही ना, ताई. शिकवा मला,” केझियाही हसत होती.

ज्या बाईने आम्हाला नुसतं हो म्हटलं होतं, ती आता बोलायची थांबेना. आंबील कशी आंबवतात, खेकड्याचं पाणी पोराला कधी द्यायचं, कुठल्या भाज्या पूर्वी बांधावर मिळत आणि आता मिळत नाहीत. बोलता बोलता तिने उरलेली आंबील वाटीत घेऊन लेकीच्या ओठांना लावली. पोरीने वाटी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. पुढे वजन हळूहळू चढलं आणि डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं.

ती पत्रावळ त्याच दिवशी ओल्या कचऱ्यात गेली. मी मात्र प्रयोगशाळेत परतलो, भातावर एक तपकिरी डाग घेऊन. रुचा ओलं फडकं घेऊन आली, डाग पाहिला, आणि फडक्याची घडी घालून निघून गेली.

आता नवी मुलं विचारतात, “मॅडम, हा डाग कसला?” माझ्याबद्दल कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

मित्रांनो, मला पुसायचं तर कोरड्या फडक्याने पुसा आणि डागावर रंग चढवू नका. मला कुणापुढे धरण्याआधी त्यांच्या डब्यात काय आहे ते विचारा, आणि आधी आपला डबा उघडा. पत्रावळीचा हेवा मला अजूनही वाटतो. तिला दर वेळी नवं होता येतं, मला येत नाही. पण तिला जे धरून ठेवता आलं नाही, ते माझ्यावर पडलं. माझ्या साऱ्या जन्मात मला मिळालेलं खरं अन्न तेवढंच.