चिमूटभर अझाइड

कच्च्या बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की फेस येतो.

०.००२

‘पहिला पसंतीक्रम भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.’

शीतखोलीच्या दाराला आतून ढकलायचा लाल दांडा आहे. फार पूर्वी कोणीतरी आत अडकलं होतं.

प्रश्न चौथा, गुण चार: एन्झाइमचं काम थांबवणारी कोणतीही दोन विषं कारणांसह लिहा. मला चारपैकी चार.

आईचा मेसेज: तूच तिच्या डोक्यात भरवलंस, आता तूच काढ.

हे सगळं एका गुरुवारात येऊन मिळतं. त्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्या धाकट्या बहिणीचा प्रवेशाचा फॉर्म बंद होणार होता. डेंटलला जागा मिळेल एवढे गुण तिच्याकडे होते. तिला मात्र पहिल्या रकान्यात बायोकेमिस्ट्री लिहायचं होतं. का, असं विचारलं की ती माझ्याकडे बोट दाखवायची.

बटाटा मीच दाखवला होता. ती आठ वर्षांची, मी कॉलेजात. फेस बघून तिने विचारलं, ‘हा जिवंत आहे?’ मी म्हणाले, ‘त्याच्यातलं एन्झाइम अजून कामावर आहे.’ तेव्हापासून ही पोरगी बिघडली, असं आईचं म्हणणं.

मी तिला दुपारी दोनला प्रयोगशाळेत बोलावलं. घाबरवायला.

*

“ये, बस,” लंबू म्हणाला. लंबू म्हणजे शेजारच्या टेबलावर काम करणारा, माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला. “त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय गेलाय. ती आणि तुझी ताई एकाच वर्षी आल्या इथे.”

“मग खुर्चीला पदवी मिळाली का?” धाकटीने विचारलं.

लंबू हसला. मी नाही.

मी ठरवून सगळं दाखवलं. एकुलती एक खिडकी, तिच्यासमोर उभा असलेला फ्रीझर. सहा वर्षांच्या सोळा वह्या. सांगितलं की बाबांना हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशी मी इथे नळ्या मोजत होते. बाबा ते कधी बोलून दाखवत नाहीत. आई दाखवते. सांगितलं की माझं एन्झाइम शुद्ध होऊन हाती आलं त्याला आठ महिने झाले आणि तेव्हापासून ते मेलेलं आहे. पाण्यासारखं द्रावण त्याने हिरवं करायला हवं आणि ते होत नाही. सोमवारी सर म्हणाले होते, महिनाअखेर आकडा दाखव, नाहीतर विषय गुंडाळ. आज तारीख अठ्ठावीस.

“आता बघ,” मी म्हणाले.

बफर घेतलं. म्हणजे एन्झाइम ज्यात ठेवतात ते मीठ-पाणी. त्यात एन्झाइमचा थेंब, त्यात रंगाचं द्रावण, शेवटी पेरॉक्साइड. काचेची चौकोनी नळी मशीनमध्ये ठेवली.

०.००२.

“हे म्हणजे शून्यच?”

“शून्यच. रोज. सणवार नाही, रविवार नाही. तुला हे हवंय?”

ती मशीनकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती यायला हवी होती. आली नाही.

“पण विकत आणलेलं टाकलं तर होतं ना हिरवं? तूच म्हणाली होतीस.”

“ते होतं. ते त्याच्यासोबत आलेल्या पाण्यात टाकते. म्हणजे मशीन बरोबर, रंग बरोबर. माझंच एन्झाइम मेलेलं.”

“आणि हे तुझं पाणी. यात काय असतं?”

मी पाढे म्हणतात तशी यादी म्हटली. फॉस्फेट, मीठ, इतकं इतकं, आणि चिमूटभर अझाइड.

“ते कशाला?”

“बुरशी धरू नये म्हणून. इथे प्रत्येक बाटलीत टाकतात. मी आले तेव्हाच्या सीनियरने शिकवलं, मी लंबूला शिकवलं.”

“जंतू मरतात त्याने?”

“मरतात. त्यांच्या एन्झाइममधल्या लोखंडाला ते जाऊन चिकटतं आणि...”

माझ्या एन्झाइमच्या पोटात लोखंड आहे. सहा वर्षं मी त्याच लोखंडावर काम करते आहे.

लंबूने पिपेट खाली ठेवलं. मी शीतखोलीत गेले, दार ओढून घेतलं आणि खोक्यांच्या मध्ये जमिनीवर बसले. आठ महिने रोज सकाळी मी ताजं बफर करत होते, स्वच्छ, नियमाप्रमाणे, आणि रोज त्यात स्वतःच्या हाताने चिमूट टाकत होते. प्रश्न चौथा, चारपैकी चार.

*

धाकटी आत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. ते मला सहन झालं नाही.

“म्हणजे सापडलं ना, ताई? ते मेलेलं नाहीये. नुसतं अडकलंय. धुवून काढता येईल?”

“येईल.”

“मग चल की.”

झटपट धुण्याच्या नळ्या संपल्या होत्या, मागवलेल्या सहा आठवडे येत नव्हत्या. राहिला जुना मार्ग. झिरपत्या पडद्याच्या पिशवीत एन्झाइम भरायचं, दोन्ही टोकांना चिमटे लावायचे आणि बिनअझाइडच्या पाण्यात सोडून द्यायचं. विष हळूहळू बाहेर झिरपतं. उद्यापर्यंत. धाकटीने चिमटे धरले. मी पिशवीत एन्झाइम ओतलं. पिशवी मोठ्या भांड्यात फिरायला लागली तेव्हा घड्याळात साडेचार झाले होते.

“लिहू?” तिने फोन काढला. पहिला रकाना रिकामा होता.

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

“नको लिहूस.”

“ताई, आत्ताच तर...”

“आत्ताच काय? उद्या परत शून्य आलं तर? आणि नाही आलं तरी काय? आठ महिने गेले ते गेलेच. मला एकोणतिसावं चालू आहे. मला हे सोडून दुसरं काहीच येत नाही, आणि हेही येत नाही, तू बघितलंस. मी रोज सकाळी उठते तेव्हा...” लंबू बाहेर निघून गेला. “माझ्यासाठी डेंटल लिही. तुझी ही अवस्था मला बघवणार नाही.”

“‘माझ्यासाठी’ म्हणू नकोस ना. मग भांडता येत नाही.”

“माझ्यासाठी.”

मी रडत होते. तिने मला असं कधी पाहिलं नव्हतं. बाबांच्या वेळीही नाही. ती पाय गेलेल्या खुर्चीवर बसली, खुर्ची कलली, तिने टेबलाचा आधार घेतला आणि एका हाताने टाइप केलं. फोन माझ्याकडे वळवून दाखवला. पहिल्या रकान्यात डेंटल होतं.

“झालं,” ती म्हणाली. “पूस डोळे. आईला सांग, काढलं डोक्यातनं.”

*

धाकटी आता दुसऱ्या वर्षाला आहे. घरी आली की तिच्या नखांत प्लास्टर असतं. टेबलावर मेणात कोरलेल्या दाढांची रांग लावून ठेवते, कोरीव काम चांगलं आहे, आई पाहुण्यांना दाखवते. मागच्या सुट्टीत तिने मला तोंड उघडायला लावलं आणि चमच्याच्या दांड्याने आत पाहिलं. “वरची उजवी किडायला लागलीय. दुखतं का?” मी म्हणाले, नाही. “दुखेल,” ती म्हणाली, आणि चमचा धुवून जागेवर ठेवला.

माझ्या कामाविषयी तिने एकदाच विचारलं होतं, भांडी आवरताना, पाठमोरी असताना.

“त्या पिशवीचं काय झालं मग?”

“चालू आहे,” मी म्हणाले.

तिने पुढचं ताट पुसायला घेतलं.

शुक्रवारी सकाळी सव्वाअकरा वाजता द्रावण हिरवं झालं. फॉर्ममध्ये दुरुस्ती करायची मुदत त्या दिवशी बारा वाजेपर्यंत होती.