पिळलेल्या फोडी

“तुम्ही दोघी एकाच घरात जेवता ना?” डॉक्टरीणबाईंनी आमचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून विचारलं.

“हो. आणि रांधते मी,” मी म्हटलं.

माझी धाकटी जाऊ बाजूच्या खुर्चीत होती. दात घासताना माझ्या हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून परवा मी रक्त तपासायला द्यायला आले. ही सोबतीला आली आणि माझंही बघा म्हणून हात पुढे करून बसली. आता तिचं सी जीवनसत्त्व अगदी छान, माझं पार तळाला. इथेही हीच पहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“तुम्ही जेवता कधी?”

“सगळ्यांचं झाल्यावर.”

“आणि तोवर भाजी?”

“मंद आचेवर. येईल त्याला गरम मिळायला नको?”

“मग तुमच्या ताटात येईतो तिच्यात सी उरतंय कुठलं? फळं?”

फळं चिरते मी, बशी फिरवते मी. शेवटची फोड उरली तर माझी, आणि ती उरू नये म्हणून आग्रहही मीच करते. धाकटी मात्र कोबी चिरता चिरता कच्चाच तोंडात टाकते, ऑफिसला जाताना पर्समध्ये संत्रं टाकते. बारा वर्षं मी तिला हावरट म्हणत आले. तोंडाने नाही, भांडी आपटून. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटायचा. स्वतःचं आधी घ्यायला तिला कधी संकोच वाटला नाही.

त्या संध्याकाळी तिने पहिलं ताट माझं वाढलं.

“जाऊबाई, आधी तुम्ही बसा.”

“आणि यांना वाढणार कोण?”

“हात आहेत की त्यांना.”

माझे यजमान आणि दीर एकमेकांकडे बघत राहिले. सासूबाईंनी मुकाट्याने स्वतःचं ताट घेतलं. धाकटीने माझ्या ताटात लिंबाची फोड ठेवली. मी ती भाजीवर पिळली. पहिल्याच घासाला हिरड्या झोंबल्या, डोळ्यांत पाणी आलं.

“झोंबलं का हो?”

“लिंबू आहे ते. झोंबणारच.”

एवढं साधं सुचलं तेही हिलाच, याचाही मला राग आला.

जेवणं झाल्यावर मी सवयीने ताटांतल्या पिळलेल्या फोडी गोळा केल्या. पातेली मी त्यांनीच घासते. घरात आम्ही पाच माणसं. रोज चार फोडी निघायच्या.

आज पाच निघाल्या.