कपाळावरचं फिरतं चक्र

रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नसायची. खुर्च्या भरल्या की लोक सतरंजीवर बसायचे, सतरंजी भरली की जिन्यावर. समोर भिंतीएवढा पडदा आणि पडद्यावर थेट प्रक्षेपणातून अवतरलेले स्थिरबाबा. बाबा राहायचे दूर कुठेतरी. आमच्या नशिबात ते इंटरनेटवरूनच होते.

प्रवचन रंगात आलं की बाबांचा मुख्य सेवक माईक हातात घ्यायचा.

"भक्तहो, घटका जवळ आली! फोन काढा! जे घरी अंथरुणाला खिळलेत, परगावी आहेत, त्या सगळ्यांना व्हिडिओ कॉल लावा. पुण्य एकट्याने खायचं नसतं!"

शेकडो फोन वर जायचे. बघता बघता पडद्यावरचे बाबा थांबायचे. बोट वर, तोंड अर्धवट उघडं, डोळे अर्धवट मिटलेले. श्वास नाही, आवाज नाही. आणि कपाळाच्या बरोब्बर मधोमध एक पांढरं चक्र गरगर फिरू लागायचं.

"ज्ञानचक्र!" सेवक ओरडायचा. "बाबांनी प्राण रोखलाय! तुमचे रोग ओढून घेताहेत!"

लोक ढसाढसा रडायचे. बऱ्याच वेळाने सेवक फर्मान काढायचा, "आता फोन बंद, डोळे बंद!" आणि लोक डोळे उघडतात तो बाबा पुन्हा बोलू लागलेले असायचे. समाधीआधी अर्धं राहिलेलं वाक्य मात्र त्यांनी कधी पुरं केलं नाही.

हेच चक्र या मंडळींच्या स्वतःच्या फोनवर रोज फिरतं आणि रोज त्याला शिव्या बसतात. इथे त्याला हात जोडले जात होते. त्या हातांत माझ्या थोरल्या बहिणीचे हात होते म्हणून मी यात पडलो. एरवी मी आणि माझं औषधांचं दुकान भलं, असा माझा खाक्या.

ताईला मधुमेह. इन्सुलिन माझ्याच दुकानातून जायचं. ते न्यायला ती बरेच दिवस आली नाही, म्हणून मी घरी गेलो. ती पाय स्टुलावर ठेवून बसली होती आणि अंगठ्याशेजारच्या बोटाला फडकं गुंडाळलेलं होतं.

"इन्सुलिन कुणाकडून घेतेस?"

"बंद केलं. बाबा म्हणाले, सुई आणि श्रद्धा एका शरीरात नांदत नाहीत."

"आणि ही जखम?"

"रोग बाहेर पडतोय, असं सेवक म्हणाला."

"उद्या पाय बाहेर पडेल, ताई." मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मला सरळ बोलता येत नाही.

"तू लहानपणापासून असाच. तुझं तेवढं खरं, बाकी जग खोटं!"

ताईची मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती एका मोठ्या विमानतळावरचं वायफाय सांभाळते.

"मामा, आईशी भांडून माझा घसा बसला," ती मला जिन्यात म्हणाली. "आता भांडायचंच नाही. एकदा जाऊन बघते."

ती रविवारी जाऊन आली. चेहरा शांत. "पुढच्या रविवारी तू पण चल," एवढंच म्हणाली. दरम्यान तिने हॉलच्या व्यवस्थापकाला गाठलं. नेट चालत नाही म्हणून तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या शिव्या खात होता. कुणीतरी फुकट दुरुस्त करून देतंय म्हटल्यावर त्याने पासवर्ड देऊन सुटकेचा निःश्वास सोडला.

रविवारी आम्ही तिघं गेलो. ताई लंगडत पहिल्या रांगेत जाऊन बसली. सेवकाने घटका जाहीर केली, फोन निघाले, कॉल लागले. बाबांनी बोट वर केलं.

आणि बाबा थांबले नाहीत.

बाजूला ठेवलेल्या फोनवर सेवकाचा नेहमीचा इशारा आला असावा; त्यांनी तिकडे नजर टाकली, बोट खाली घेतलं आणि दणदणीत जांभई दिली. "तिकडे चित्र अडकलं वाटतं," ते म्हणाले. "जेवायला वाढा."

पडद्याबाहेरून एका बाईचा आवाज आला, "आधी इंजेक्शन! साखर बघितलीत ना सकाळी?"

बाबा कुरकुरत उठून उभे राहिले, झगा वर केला आणि पोटाची वळी चिमटीत धरून सुई टोचली.

हॉलमधले लोक एकमेकांकडे बघू लागले. सेवक मात्र मुरलेला गडी.

"लीला!" तो ओरडला. "पाहिलंत? भक्तांचा मधुमेह बाबांनी स्वतःवर घेतला!"

सांगायला लाज वाटते, पण काही हात पुन्हा जोडले गेले.

भाची लॅपटॉप घेऊन उठली. "थांबा. आता मी बाबांना समाधी लावते."

तिने एक बटण दाबलं. पडद्यावरचे बाबा थिजले, पोटात सुई तशीच. चक्र फिरू लागलं, ते बाबांच्या बेंबीवर.

"आज ज्ञान पोटात उतरलं का?" तिने विचारलं. "हे चक्र पडद्याच्या मधोमध फिरतं. तिथे बसलेल्या माणसाचं कपाळ येतं, उभ्या माणसाचं पोट."

मागून कुणीतरी हसलं. मग तिने सरळ समजावलं. वायरलेसवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. हॉलचं वायफाय एक, आणि त्यावर इतके व्हिडिओ कॉल एकदम. पडद्याच्या वाट्याला काही उरत नाही, म्हणून चित्र अडकतं. "मी आज प्रत्येक फोनला थोडाच वाटा दिला आणि पडद्याचा वाटा राखून ठेवला. माझी नोकरीच ही आहे. आता ती मर्यादा काढली, तर बाबा समाधीत. पुन्हा घातली..." बाबा हलले. सुई केव्हाच बाहेर आली होती, झगा मात्र अजून वरच होता. "फोन काढायला का सांगतात, कळलं?"

ताई खुर्चीला धरून उभी राहिली.

"स्वतः सुई घेतात," ती सेवकाला म्हणाली. "मग मला का सोडायला लावली?"

सेवकाने फोन कानाला लावला. पडद्यावर बाबांनी घाईघाईने झगा खाली ओढला आणि प्रक्षेपण बंद पडलं. ताई त्या काळ्या पडद्याकडे उत्तराची वाट बघत उभीच राहिली. मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं.

हॉलमधून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पाय वाचवला. बोट वाचलं नाही.

भेटायला येणाऱ्या बायकांपुढे ताई पायावरची चादर मुद्दाम बाजूला करते. मला ते बघवत नाही, पण मी तिला अडवत नाही.

"बघून घ्या," ती सांगते. "फोन काढले की बाबा थांबायचे, फोन ठेवले की उठायचे. दर रविवारी डोळ्यांसमोर घडत होतं. असं का, हे मी एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचारा. कुणीही असो, कितीही मोठा असो, विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका."