सरपंचाची सही किल्लीला लटकते

मी डोंगल. हसू नका. बोटाएवढा आहे, प्लास्टिकचा आहे, पण चिचगडकडच्या एका ग्रामपंचायतीच्या सरपंचाची डिजिटल सही माझ्या पोटात होती. पंचायतीतून कोणालाही पैसे द्यायचे, तर ग्रामसेवकाचा एक आणि सरपंचाचा एक, असे दोन डोंगल कॉम्प्युटरला लावावे लागतात. त्यातला सरपंचाचा तो मी.

माझी सरपंच प्रेमिला. गावाने मतं देऊन निवडलेली. गोंदियाच्या दुकानात माझ्यात तिची सही भरली, तेव्हा दुकानदाराने तिला मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर बसवलं. "मॅडम, इधर देखिए. अब पलक झपकाइए. नाम बोलिए." तिने पदर सारखा केला आणि असं ठणठणीत नाव सांगितलं की मला वाटलं, वा! बाई जोरदार आहे. आता मजा येणार.

कसली मजा! पिन टाकायची वेळ आली तर नवरा केवळराम पुढे. "तुले नाही जमत. सरक, मी टाकतो." पिन त्याने टाकला, मला उचललं आणि मोटारसायकलच्या किल्लीला अडकवलं. तिच्या हाताला मी लागलोच नाही.

तेव्हापासून माझी धिंड सुरू. धूळ खातोय, चिखल खातोय, पानठेल्यावर खर्रा घोटताना बघतोय. चहाच्या टपरीवर केवळराम किल्ली टेबलावर आपटतो, की माझंही डोकं आपटतं. लोक म्हणतात, "बसा सरपंच साहेब." आणि हा खुशाल बसतो! अरे बाबांनो, तुमची सरपंच तिकडे धानाच्या बांधीत, चिखलात वाकून रोवणं करतेय. कुणाला सांगणार? मला तोंड कुठे आहे!

जानेवारीत महिला ग्रामसभा झाली. एरवी ही सभा म्हणजे चहा, सह्या आणि आपापल्या घरी. मी दाराशी केवळरामच्या खिशात होतो. म्हाताऱ्या शकुंतलाबाई उठून उभ्या राहिल्या.

"सरपंच बाई, आमी बोडीच्या पाण्यात आंग धुतो, अन् रस्त्यावरची माणसं पाह्यत जाते. पोरी तं उजाडायच्या आधीच येऊन जाते. घाट बांध, आडोसा कर. दुसरं काही मागत नाही."

"घाट होईल," प्रेमिला म्हणाली. बायांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या ग्रामसभेतही ठराव झाला: बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, बायांसाठी घाट.

केवळरामला मात्र गावाच्या तोंडाशी कमान हवी होती. वर मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव. "बोडीवरचा घाट कोण पाह्यते? कमान रस्त्यावरून दिसते!" त्याने परस्पर ठेकेदार ठरवला, खड्डे खणले. आता कमानीचा पहिला हप्ता द्यायचा होता. तो गेला असता तर घाटासाठी काहीच उरलं नसतं. आणि तो द्यायचा कोणी? मी! पिन बरोबर आला की मला सही करावीच लागते. इतका संताप यायचा, की वाटायचं जळून जावं.

त्या दिवशी त्याने मला पंचायतीच्या कॉम्प्युटरला लावलं, तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला म्हणून बाहेर गेला. समोर ऑपरेटर रेणू बसली होती. कमानीच्या पैशाचं कानावर आलं म्हणून प्रेमिला तरातरा आत आली.

"रेणू, हे माही सही आहे ना?"

"हो, काकू."

"मंग मले काऊन नाही चालवता येत?"

"पिन काकाजवळ आहे ना. अन् चुकीचा टाकून पाहू नका, लागोपाठ चुकला तं डोंगल लॉक होते. मंग कोणालेच नाही चालत."

प्रेमिला खुर्ची ओढून बसली आणि एका बोटाने चुकीचा पिन टाकला. पुन्हा टाकला. रेणू तोंडावर हात ठेवून बघत राहिली. माझा जीव जात होता, हे मला कळत होतं. तरी मी मनात ओरडत होतो, टाक बाई, टाक! शेवटी मी कायमचा बंद पडलो.

केवळराम आत आला. "कोणं केलं हे?"

"मीनं," प्रेमिला म्हणाली. "आता नवा काढा लागते. त्याले क्यामेऱ्यासमोर माहं तोंड लागते जी. अन् तोंड काही किल्लीले अडकवता येत नाही तुमाले."

मग काय, गाव तिच्यावरच उखडलं. बाईने कामं अडवली म्हणे! इतके दिवस सरपंच कुठे आहे असं एकानेही विचारलं नव्हतं. ती कुणाशी भांडत बसली नाही. रेणूला घेऊन बसने गोंदियाला गेली, नवा डोंगल काढला, पिन स्वतः टाकला. तो आता तिच्या कमरेच्या बटव्यात असतो. भाग्यवान लेकाचा! बोडीवर घाटाच्या पायऱ्या बसायला लागल्या.

आणि मी? मी अजून त्याच किल्लीला. मेलेला, तरी लटकवलेला.

काल टपरीवर एकजण म्हणाला, "सरपंच साहेब, घाट मस्त बांधून राहिले जी तुमी!" मला वाटलं, आता तरी हा माणूस लाजेल. तो हसला, मान डोलावली आणि मला टेबलावर आपटलं.

काढा हो मला इथून कोणीतरी! चुलीत टाका, बोडीत फेका. माझ्या पोटात आता कोणाची सही नाही, आणि हा सरपंच नाही. सरपंच तिकडे बोडीवर उन्हात उभी आहे, गवंड्याशी भांडते आहे. चहा तिकडे पाठवा. आणि बसा म्हणायचंच असेल, तर तिला म्हणा.