माळ टेकली

आचलची कावीळ मंगळवारी दुपारी उतरली. तिच्या आईनं, आशाबाईंनी, ओसरीवरून तसं जाहीर केलं, शेजाऱ्यांनी ऐकलं, कोणी हरकत घेतली नाही. आता हे अजून झालंच नाही असं समजू. कारण मंगळवारी सकाळी खुशालराव लेकीच्या खाटेशी वाकून तिच्या गळ्यातल्या माळेला टेप लावत होते, आणि माळ पोटावर मुक्काम ठोकून बसली होती.

पोट सातव्या महिन्याचं. बाळंतपणाला नांदगाव खंडेश्वरला माहेरी आलेली आचल इथंच पिवळी पडली. मग गावात कावीळ उतरवणाऱ्या पार्बताबाईंनी काड्यांची माळ घातली. काड्या वाळतात, दोऱ्याचे फास सैल पडतात, माळ लांबते. पावलाला टेकली की कावीळ उतरली. तोवर गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर कावीळ पोटातल्या जिवावर जाते. पार्बताबाई पैसे घेत नसत, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

"बाबा, आज कोनता वार हाय?" आचलनं डोळे न उघडता विचारलं. मघाशीही हेच विचारलं होतं.

"मंगळवार, माय."

"मंग शाळा कावून नाई?"

तिची शाळा सुटून दहाएक वर्षं झाली होती. खुशालरावांनी टेप गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. तोवर ती झोपली.

"झोपू द्या तिले," आशाबाई दारातून म्हणाल्या. "झोप लागली म्हंजे आराम पडून राह्यला."

"दिवसभर?"

"तुमी हापिसात दिवसभर झोपत व्हते, तवा काई झालं काय तुमाले?"

जावई पियुष कालच अकोल्याहून आला होता. तो हळूच म्हणाला, "मामाजी, अमरावतीले नेऊ. गाडी सांगतो मी."

"अन् शीव ओलांडल्यावर लेकराले काई झालं तं?" आशाबाईंनी ऐकलंच. "जबाबदारी कोनाची?"

या एका प्रश्नाच्या आडोशाला खुशालरावांनी तहसील कार्यालयात अख्खी नोकरी काढली होती. तिथं या प्रश्नापाशी फायली थांबत. इथं गाडी सांगायची राहिली.

जेवणं उरकली. आशाबाई भांडी घासायला गेल्या, पियुष फोनवर बोलायला. खुशालरावांनी परसातून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या आणल्या, बोटाएवढे तुकडे मोडले आणि चोरासारखे खाटेशी बसून माळेला जोडले. गाठ मारताना दोनदा आचलच्या पोटाला धक्का लागला. ती हलली नाही. हलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

थोड्या वेळानं ते पुन्हा आत आले, तेव्हा माळ खाटेवरून उतरून उंबऱ्याकडे निघाली होती.

पऱ्हाट्या संपल्या तिथून आगपेटीच्या काड्या सुरू होत होत्या. एकीचा गुल तसाच होता. पियुष भिंतीवरच्या पालीकडे फार मन लावून पाहत होता. आगपेटीच्या पुढं उदबत्तीच्या काड्या होत्या, ब्लाउजच्या लाल दोऱ्यानं नीट बांधलेल्या. अशी बारीक गाठ घरात एकाच माणसाला येत होती. ते माणूस पदराला हात पुसत दारात उभं होतं.

तिघांनी माळेकडे पाहिलं. हसलं कोणी नाही.

"टेकली," आशाबाई म्हणाल्या.

"टेकून उरली," पियुष म्हणाला.

आशाबाईंनी माळ लेकीच्या गळ्यातून काढली, ओसरीवर गेल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "उतरली वो माह्या पोरीची कावीळ!" मग आत वळून, हळू आवाजात म्हणाल्या, "पियुषराव, गाडी बोलवा. लवकर."

शीव ओलांडल्यापासून बडनेरा मागं पडेपर्यंत त्या लेकीच्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या.

अमरावतीच्या राजापेठेतल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी आचलला हाका मारून जागं केलं आणि हात समोर धरायला सांगितले. पंजे आपोआप खाली पडत, पुन्हा वर येत, पुन्हा पडत. बाईंचं लिहिणं थांबलं.

"अशी झोपून कधीपासून आहे?"

पियुषनं खुशालरावांकडे पाहिलं, खुशालरावांनी आशाबाईंकडे.

"डोळे पिवळे झालेले दिसतात. आत लिव्हर बंद पडत चाललंय, ते दिसत नाही. रक्तातली घाण साफ होत नाही, ती डोक्यात चढते. म्हणून ही झोप. दूषित पाण्यातून आलेली कावीळ असावी, आणि गरोदरपणात ती जिवावर बेतते. थांबलात कशासाठी?"

"उतरल्याबरोबर आनली, बाई," आशाबाई म्हणाल्या.

बाईंना ते कळलं नाही. त्यांनी घाईनं खाट आत घ्यायला लावली. "दोघांनाही वाचवायचा प्रयत्न करू," एवढं त्या म्हणाल्या, आणि दार लागलं.

खुशालरावांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, ते नर्सच्या खिडकीपाशी गेले, घसा खाकरला, आणि घरात कधीच न वापरलेल्या कचेरीच्या भाषेत, एकही शब्द न अडखळता म्हणाले:

"अर्जदाराचे वय झालेले असून त्यास यापुढे कोणतेही तातडीचे काम नाही. सबब सदर कावीळ मुलीच्या नावावरून कमी करून, आजच्या तारखेने अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावी, ही नम्र विनंती."