वारा काढणारं नाणं

मित्रांनो, मी एक जुनं तांब्याचं नाणं आहे. डच लोकांनी जावा बेटासाठी पाडलेलं, अडीच सेंटचं. गावात मला बेंगोल म्हणतात. डच गेले आणि माझी पत गेली. पण माझी कड जाड नि गुळगुळीत, म्हणून तुमिराबाईंनी मला तेलाच्या बाटलीशेजारी ठेवलं.

अंगात वारा शिरला, म्हणजे हुडहुडी भरली, डोकं जड झालं, की पाठीला खोबरेल लावून माझ्या कडेने घासायचं. लाल पट्टे उठले की वारा निघाला! इथली ही जुनी रीत. खरं तर माझी कड लागली की धडधाकट माणसाचीही पाठ लाल होते. पण लोक म्हणायचे, "तुमिराबाईंचं नाणं म्हणजे रामबाण!" आणि मी फुशारून जायचं. आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एका दुपारी त्यांचे यजमान, वागिमान, कौलांच्या भट्टीवरून घामाघूम होऊन आले.

"छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय गं."

"वारा बसलाय, दुसरं काय! काल भट्टीवरून उठून गार पाणी अंगावर घ्यायला कोणी सांगितलं होतं?"

मुलगी लासमी घाबरली. "आई, बाबांचा डावा हातही दुखतोय. भट्टीवरचे सुयोनोकाका मोटारसायकल घेऊन दारात उभे आहेत. दवाखान्यात नेऊ या."

"वारा भरलेल्या माणसाला मोटारसायकलवर? आणखी वारा भरायचाय का त्यांच्यात? नाणं आण आधी!"

वागिमान पालथे झोपले. "हळू गं, पाठ आहे माझी, कौल नव्हे," म्हणाले. लासमीलाही हसू आलं. पट्टे काळेनिळे उठले. "बघ, केवढा वारा होता!" तुमिराबाई म्हणाल्या. सुयोनोकाका वाट पाहून कामाला निघून गेले. थोड्या वेळाने वागिमानांची मान कलंडली. मी तेव्हाही त्यांच्या पाठीवरच होतं.

सातव्या दिवशीची प्रार्थना झाली. लोक भात जेवून गेले. तुमिराबाई मला हातात घेऊन रडल्या. "चुकलं माझं. आणखी जोरात घासायला हवं होतं." त्या माउलीची माया खोटी नव्हती हो. खोटा होता माझा लौकिक. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आज शेजारीण आली आहे. "यांच्या छातीत भरून आलंय, बेंगोल देता का?" तुमिराबाईंनी मला तिच्या हातावर ठेवलं. "चांगलं जोरात घास हो."

मित्रांनो, सर्दीपडशाला मला खुशाल वापरा. पण मला तोंड नाही. तुमच्यापैकी कोणी जवळ असाल, तर धावा आणि त्या बाईला सांगा: नाणं टाक, नवऱ्याला दवाखान्यात ने.