वजा चारशे पंचेचाळीस

"आई, परत प्लस!" उन्नतीने पेन आपटलं. "अकरा पॉइंट दोन लिटर मिथेन म्हणजे अर्धा मोल, बरोबर. एक मोल जळला की आठशे नव्वद, अर्ध्याचे चारशे पंचेचाळीस किलोज्यूल, तेही बरोबर. पण उष्णता बाहेर पडते ना? मग मायनस लावा!"

"का लावू गो?" नीलिमाबाईंनी शेगडीकडे बोट दाखवलं. "ह्यो चा उकललाय तो गॅसनीच ना? आपल्याला आग मिलाली. मिलालं त्याला कोन मायनस म्हनतो?"

सासू विद्यार्थिनी आणि सून मास्तरीण, असा बदलापूरच्या या घरातला उलटा कारभार होता. नीलिमाबाई शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई. परीक्षानळ्या विसळण्यात उमर गेली. आता असिस्टंटची जागा निघाली होती, पण त्या जागेला बारावी सायन्स हवं. लग्न ठरलं त्या वर्षी त्या रसायनशास्त्रात गचकल्या होत्या. परवा पुन्हा पेपर होता, आणि घोडं या एवढ्याशा आडव्या रेघेवर अडलं होतं. सरावाच्या दोन्ही पेपरांत उन्नतीनेच त्यांना नापास केलं होतं.

"आई, हिशोब आपला नाही, गॅसचा. ज्याच्याकडून गेलं त्याच्या बाजूने लिहायचं."

तेवढ्यात बुवापाड्याहून उन्नतीच्या आईचा, गोदूबाईंचा फोन आला, माहेरी कधी येतेस म्हणून. "नाही गं, आत्ता नाही जमणार. आईंचा पेपर होऊ दे," उन्नती म्हणाली. फोन ठेवताना तिचा चेहरा उतरला होता.

नीलिमाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "तू माज्या घरी आलीस, माजं प्लस," त्या हळूच म्हणाल्या. "आनि तुज्या आयशीचं?"

नीलिमाबाईंनी पेन उचललं आणि चारशे पंचेचाळीसच्या आधी रेघ ओढली.

"ऊठ. बॅग भर."

"आणि पेपर?"

"मी पन येते. तिथं शिकव."

सासू सुनेच्या माहेरी मुक्कामाला, तीही अभ्यासाला! गोदूबाईंची धांदल उडाली. विहीणबाई आल्या म्हणून त्या पुरण शिजवायला निघाल्या.

"पुरन नको, भाकर टाका," नीलिमाबाई म्हणाल्या. "विहीन राहिली बदलापूरला. मी शिकाया आलेय."

मग काय, एका खोलीत तिघींची शाळा भरली. प्रत्येक उदाहरणाला गोदूबाई पोळपाटावरून विचारायच्या, "मायनस लावलं का?" आणि तिघी हसत सुटायच्या. पेपरच्या सकाळी त्यांनी विहिणीच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. आई गेल्यापासून नीलिमाबाईंच्या हातावर असं कुणी काही ठेवलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि फार बरं वाटलं.

निकाल लागला. नीलिमाबाई पास! त्या पेढे घेऊन तडक बुवापाड्याला निघाल्या. जिना चढतात तो गोदूबाई आधीच वाटीत पेढे घेऊन शेजारच्या दारात उभ्या.

"घ्या वं, आमची पोरगी पास झाली."

"कोण, उन्नती?" शेजारणीने विचारलं.

"न्हाई. थोरली."